पिवळे दिवे कोणासाठी लागतात?

खोटंच सांगायचं असतं तर मी रात्र निवडली असती.

रात्र, सुनसान रस्ता, बंद पडलेली गाडी... सगळा मालमसाला तयार मिळतो. पण हे घडलं भर उन्हात, दुपारच्या चहाच्या वेळेला, हॉर्नच्या कलकलाटात. आजूबाजूला माणसंच माणसं होती. म्हणूनच ते माझ्या डोक्यातून जात नाही.

घडलं ते माझ्या मावसभावाच्या बाबतीत. आम्ही त्याला दादा म्हणतो. शेवटचा थोडासा भाग माझ्याही बाबतीत घडला, तो शेवटीच सांगते. ज्यांना "हॅ, काहीही!" म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं. पण पूर्ण वाचून म्हणावं.

आधी दादा कसा आहे ते ऐका.

दादा वायरमन आहे. नगरपालिकेचे सिग्नल आणि रस्त्यावरचे दिवे बघतो. कामात एक नंबर, पण स्वभावाने महासंशयी. दूधवाल्याने वर चार थेंब जास्त घातले तरी हा म्हणणार, "कुठेतरी पाणी मुरतंय." लग्न झालं नाही त्याचं. एकेका स्थळाची इतकी चौकशी करायचा की मुलीकडचेच घाबरून पळायचे. घरात सगळे त्याला शंकासुर म्हणतात, आणि तेही तोंडावर.

तो राहतो थोरल्या बहिणीबरोबर. ती आमची ताई. मावशी लवकर गेली, तेव्हापासून ताईनेच त्याला वाढवलं. आता त्याचे केस पिकलेत, तरी ती त्याला "छोट्या" म्हणूनच हाक मारते.

ताईला डाव्या डोळ्याने दिसत नाही. लहानपणीच गेला तो डोळा. त्यामुळे रस्ता ओलांडताना ती मान पूर्ण वळवते, जरा कलती करते आणि उजव्या डोळ्याने बघते. चिमणी बघते ना, तसं. लांबूनही ओळखू येते आमची ताई.

दवाखान्यात घालायचे कपडे शिवणारं एक दुकान आहे, तिथे ती मशीनवर बसते. दुकान सर्कलच्या पलीकडे, घर अलीकडे. रोज जाता-येता सर्कलवरचा रस्ता ओलांडावा लागतो.

आणि सर्कलचं तुम्हाला माहीतच आहे. तिथे येणारा प्रत्येक गाडीवाला एकाच बाजूला बघतो. गोलातून कोणी येतंय का? नाही ना? मग दाब. समोर झेब्रावर कोणी उभं आहे, हे त्याच्या गावीही नसतं. माणूस वाईट असतो असं नाही हो. त्याची नजरच तिकडे वळत नाही. ताईला एकदा एका स्कूटरचा आरसा हाताला घासून गेला. एकदा तर टेम्पो इतक्या जवळून गेला की पिशवी हातातून उडाली.

"काम सोड," दादा म्हणाला.

"आणि घरात बसून तुझं तोंड बघू? तू रस्ता सुधार. तुझंच खातं आहे ना?" ताईने सुनावलं.

झालं. दादा साहेबांच्या मागे हात धुऊन लागला. साहेब म्हणजे त्याच्या खात्याचे इंजिनियर. चांगला माणूस. त्यांच्याकडून त्याने सर्कलवरच्या त्या झेब्राला पिवळे दिवे मंजूर करून घेतलेच. पायी माणूस कडेला उभा राहिला की खांबावरचे दोन पिवळे दिवे लखलख लुकलुकायला लागतात. गाडीवाल्याची नजर खेचली जाते आणि तो थांबतो. साधी गोष्ट.

आधी दिव्यांना बटण होतं. ते कोणी दाबेना! लिफ्टचं बटण लोक दहा वेळा दाबतील, पण हे दाबायला त्यांचे हात दुखतात. मग दादाने बटण काढून सेन्सर बसवला. त्यांच्या खात्यात त्याला 'डोळा' म्हणतात.

हा डोळा कसा काम करतो ते जरा समजून घ्या. पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

डोळा खांबावर चढवला की त्याला आधी रिकामी जागा दाखवावी लागते. सगळ्यांना बाजूला करायचं, खांबावरची पेटी उघडायची आणि आतली कळ दाबून धरायची. हिरवा ठिपका लागला की झालं. त्या वेळी समोर जे जे असेल, कठडा, कुंडी, कचऱ्याचा डबा, ते सगळं डोळा लक्षात ठेवतो आणि पुढे कधीच मोजत नाही. त्याशिवाय नवीन कोणी येऊन उभं राहिलं तर ते माणूस. लागले दिवे. याला ते लोक म्हणतात 'जागा शिकवणं'.

दादाचा एक जोडीदार आहे. कायम खिशात पाना, म्हणून नावच पाना पडलं. हा पाना एकदा दुसऱ्या चौकात जागा शिकवताना हातात लांब काठी घेऊन कळ दाबत होता आणि स्वतः मात्र आरामात डोळ्यासमोर उभा. झालं! तो डोळा सगळ्या जगाला मोजायचा, पण पानाला मोजायचा नाही. तो एकटा उभा राहिला की दिवे ढिम्म. कितीतरी दिवस त्याची टर उडवली सगळ्यांनी. "अरे, तू माणसात नाहीस हे यंत्रालाही कळलं!"

तेव्हा सगळे हसले होते. दादासुद्धा.

तर सर्कलवर पिवळे दिवे लागले आणि ताईची चैन झाली. "मी आले की गाड्या अशा थांबतात, जशी काही मी राणीच," असं ती येईल त्याला सांगायची. दादा वरवर "हं" करायचा, पण आतून खूश.

मग एक दिवस चष्मेवाल्या काकांनी त्याला हाक मारली. त्यांचं चष्म्याचं दुकान त्या झेब्राला अगदी लागून आहे.

"अरे, तुझे दिवे उगाचच लागतात रे."

"म्हणजे?"

"कोणी नसतं... आणि लागतात."

दादाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण भुताची नाही हां. भूतबीत त्याच्या डोक्यातच येत नाही. त्याला आधी काकांचाच संशय आला. झेब्रा झाल्यापासून त्यांच्या गिऱ्हाइकांना दुकानासमोर गाड्या लावता येत नव्हत्या ना! काकाच काहीतरी करत असणार.

तो दुकानात एका खुर्चीत जाऊन बसला. चष्मा करायचाय म्हणाला. काकांनी त्याला एक-एक फ्रेम दाखवायला सुरुवात केली, आणि हा आरशातून काकांच्या हातांकडे बघत राहिला.

दुपार कलली. ताई सुटायला थोडा वेळ होता.

बाहेर झेब्राची कड रिकामी होती. पूर्ण रिकामी.

आणि मग...

दिवे लागले.

लख, लख, लख. काकांचे दोन्ही हात तर फ्रेमच्या खोक्यात होते.

एक मोटार थांबली. तिच्या मागे दुसरी. मागचा हॉर्न वाजवून शिव्या घालायला लागला. पुढच्या गाडीत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी काचेतून हात केला. 'जा, जा' असा.

कोणाला?

दादा धावत बाहेर आला. "अहो बाई, हात कोणाला केलात?"

"त्यांना," बाई म्हणाल्या. "इथे उभ्या आहेत ना त्या, खांद्याला पिशवी..." त्यांनी पुन्हा काचेतून बघितलं आणि गप्पच झाल्या. मग गाडी घेऊन निघून गेल्या.

दादाने मागच्या शिव्या घालणाऱ्याला विचारलं. "तुम्हाला दिसलं का कोणी?"

"डोंबल दिसलं! रिकाम्या रस्त्यावर थांबायचं म्हणजे काय?"

आता दादाला त्या बाईंचा संशय. त्या काकांच्या ओळखीच्या असणार. दोघं मिळून बनाव करतायत. मग पानाचा संशय. पानाला हे दिवे स्वतःच्या मेव्हण्याच्या हॉटेलासमोर हवे होते. त्यानेच डोळ्यात बिघाड केला असणार. चहा पिताना दादाने त्याला सरळ विचारलं, तर पाना इतका चिडला की त्याने दोन दिवस बोलणंच टाकलं.

मग दादाने उन्हाची तिरीप तपासली. झाडाची फांदी तोडली. कबुतरं हाकलली. वायर बदलली. डोळा काढून, पुसून पुन्हा लावला.

तरी रोज तेच. ताई सुटायच्या जरा आधी... दिवे लागायचे.

आणि एक गोष्ट त्याच्या हळूहळू लक्षात आली. जे गाडीवाले न थांबता सुळकन निघून जायचे, त्यांना कोणी दिसत नसे. जे थांबायचे... ते हात करायचे.

सगळे नाही. पण बरेच.

एकदा बस थांबली. दादा पळत चालकाच्या खिडकीखाली गेला. चालक वैतागला होता.

"काय राव, मावशी जाईचनात! जा म्हटलं, हात केला. नुसत्या उभ्या. पाऊलच उचलत नाहीत."

"कशा उभ्या होत्या?"

"कशा म्हणजे? अशा..."

आणि चालकाने मान पूर्ण वळवली. जरा कलती केली. एका डोळ्याने बघितलं.

दादाने पुढचं ऐकलंच नाही.

तो धावत सुटला, थेट शिवणाच्या दुकानात. वाटेत त्याला ताईचाच राग आला होता. ही लवकर सुटते, इथे येऊन उभी राहते आणि आपल्याला सांगत नाही. काय भानगड आहे हिची?

ताई मशीनवर बसलेली होती. तोंडात दोरा. मांडीवर अर्धा शिवलेला पांढरा डगला.

"काय रे छोट्या? धापा का टाकतोयस?"

"तू... आत्ता बाहेर गेली होतीस?"

"सकाळपासून पाठ टेकली नाही रे मी. विचार हवं तर यांना."

बाकीच्या शिवणाऱ्या बायका हसायला लागल्या. आला म्हणे शंकासुर!

दादा तसाच परत फिरला. ताईलाही सांगितलं नाही. काय सांगणार? की तू इथे आहेस आणि तिकडेही आहेस?

इकडे साहेबांकडे तक्रारींचा ढीग. साहेबांनी त्याला बोलावून नीट समजावलं. "हे बघ, लांडगा आला रे आला होतंय तुझ्या दिव्यांचं. रोज खोटे लागले तर लोकांचा विश्वास उडेल. मग खरा माणूस उभा असला तरी कोणी थांबणार नाही. या आठवड्यात दुरुस्त कर, नाहीतर मी काढून दुसरीकडे बसवतो."

दिवे गेले तर ताईचं काय? ताई काही ऐकणाऱ्यातली नव्हती. दिव्यांशिवायही ती त्याच रस्त्याने आली असती, त्या एका डोळ्याच्या भरवशावर. दादाची झोप उडाली.

आणि मग त्याने ते केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पेटी उघडून तयारच राहिला. झेब्राच्या कडेला चिटपाखरू नव्हतं. त्याने पुन्हा पुन्हा बघितलं. कठडा, कुंडी, डबा. बाकी जागा मोकळी.

दिवे लागले.

दिवे लुकलुकत असतानाच दादाने कळ दाबून धरली. 'बघ बाबा, नीट बघ. ही रिकामी जागा आहे. इथे कोणी नाही.' असं तो तोंडाने पुटपुटलासुद्धा.

हिरवा ठिपका लागला...

दिवे बंद.

एकदम. अर्ध्यातच.

आणि त्याला वाटलं, कोणीतरी अगदी जवळून श्वास आत घेतला. आपण दचकल्यावर घेतो ना, तसा. तो मागे वळला. कोणी नव्हतं. काका दुकानात काच पुसत होते.

मी त्याला नंतर विचारलं, "दादा, तुला तेव्हा ठाऊक होतं ना, तू काय करतोयस ते?"

तो म्हणाला, "मला यंत्राचीच चूक हवी होती गं. दुसरं काही मला नकोच होतं."

त्यानंतर दिवे एकदम शहाण्यासारखे वागायला लागले. माणूस आला की लागायचे, गेला की बंद. उगाच एकदाही नाही. साहेब खूश झाले. म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो.

ताईला त्याच दुपारी दुकानात ताप भरला आणि दादाने तिला तिथूनच रिक्षाने घरी नेलं. पुढचे दिवस ती घरीच होती, त्यामुळे सर्कलवर फिरकलीच नव्हती. ती पुन्हा कामावर गेली, नेमका त्याच दिवशी साहेब आले.

साहेब, दादा आणि पाना काकांच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. एक आजोबा आले, दिवे लागले. दोन मुली आल्या, दिवे लागले. साहेबांनी दादाच्या पाठीवर थाप मारली.

मग दुकानाकडून फुटपाथने ताई आली. खांद्याला पिशवी. तिने दादाला बघून हात केला आणि कडेला उभी राहिली.

दिवे लागले नाहीत.

ताई थांबली. मान वळवली, कलती केली, बघितलं. पुन्हा थांबली.

दिवे नाहीत.

गाड्या वेगात जात होत्या. एकानेही तिच्याकडे बघितलं नाही. जणू ती कडेला उभीच नव्हती. शेवटी ताईने मनाशी काहीतरी ठरवलं आणि पाऊल टाकलं...

"ताई!"

दादाने उडी मारून तिचा दंड धरला आणि मागे ओढली. टेम्पो तिच्या पदराला चाटून गेला. ब्रेकसुद्धा मारला नाही त्याने. तिची पिशवी रस्त्यावर पडली आणि सुताची रिळं चाकांखाली गेली.

"दिवे का नाही लागले रे?" ताईने विचारलं. "मी इतका वेळ उभी होते, छोट्या."

साहेब जाऊन उभे राहिले. दिवे लागले.

पाना उभा राहिला. लागले.

ताईला पुन्हा कडेला उभं केलं, दादा स्वतः लांब खांबामागे राहिला. नाही लागले. तो तिच्या शेजारी आला. लागले. तो बाजूला झाला. बंद.

पानाने डोकं खाजवलं. हसत हसत म्हणाला, "अरे, ही तर माझ्यासारखीच गत झाली. शिकवताना ताईला समोर उभं केलं होतंस की काय?"

"ताई तेव्हा दुकानात होती."

पानाचं हसू हळूहळू गेलं.

"मग समोर कोण होतं?"

साहेबांना मात्र हे सगळं फालतू वाटत होतं. "अरे, यंत्र आहे. पुन्हा शिकव. आत्ताच्या आत्ता."

दादा म्हणाला, "शिकवतो. पण तुम्ही गाडी आणा, साहेब. पट्ट्यांसमोर येऊन थांबा."

साहेबांना वाटलं, रहदारी अडवायला सांगतोय. त्यांनी खात्याची जीप आणली आणि झेब्राच्या तोंडाशी थांबवली. दादाने ताईला काकांच्या दुकानाच्या पायरीवर, आपल्या पाठीमागे बसवलं. पानाला तिच्याजवळ ठेवलं. पेटी उघडली. कळीवर बोट ठेवलं.

"साहेब, जागा रिकामी आहे ना?" त्याने ओरडून विचारलं.

साहेबांनी काचेतून समोर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, कसली रिकामी? आधी ताईंना बाजूला घे की!"

दादाने सावकाश मागे बघितलं.

ताई पायरीवरच होती. काकांनी दिलेलं पाणी पीत होती.

पानाने तोंडावर हात ठेवला. साहेबांनी जीपमधून मान बाहेर काढली, आधी पायरीकडे बघितलं, मग झेब्राच्या कडेकडे. मग पुन्हा काचेतून. तो शिकलेला, हसतमुख माणूस गाडी तशीच सोडून खाली उतरला आणि दुकानात जाऊन खुर्चीवर बसला.

दादाने कळ दाबली नाही. त्याने पेटी बंद केली, शिडी लावली आणि डोळाच काढून टाकला.

"मला सांग," तो मला म्हणाला, "जागा रिकामी आहे हे मी ओळखायचं तरी कसं?"

आता तिथे पुन्हा बटण आहे. ज्याला जायचं असेल त्याने दाबायचं. साहेबांनी एका शब्दानेही का म्हणून विचारलं नाही. नंतर त्यांनी त्या झेब्राची जुनी चौकशीही गुपचूप केली. कोणी गेलं होतं का तिथे? काही हाती लागलं नाही. तिथे कधीच कोणी मेलेलं नाही.

हे ऐकून मला जास्तच भीती वाटली.

तेव्हापासून दादा रोज दुपारी ताईला आणायला जातो. हात धरून रस्ता पार करतो. ताई करवादते, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" तो ऐकत नाही. तिला त्याने एवढंच सांगितलंय की यंत्र बिघडलं होतं. ती बिचारी त्यावर विश्वास ठेवून आहे. घरात संशय घेणारा एकच, आणि तोच आता तिच्याशी खोटं बोलतो.

खरं सांगू? मला हे सगळं थापा वाटायचं. मी त्याची टिंगलही केली. "दादा, इतका संशय घेतलास की संशयालाच पाय फुटले," असं म्हणाले होते मी.

आता माझा भाग.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे निघाले होते. नवीन गाडी शिकलेय, त्यामुळे सर्कल आलं की माझे तळहात ओले होतात. नेमके पिवळे दिवे लागलेले दिसले. मी थांबले, नियमाप्रमाणे, पट्ट्यांच्या अलीकडे.

समोर पट्ट्यांवरून दादा आणि ताई येत होते. दादाने तिचा हात घट्ट धरलेला, ताईची बडबड चालू. मला हसूच आलं. हॉर्न नाही वाजवला, म्हटलं घरी जाऊन चकित करू. ते दोघं पार झाले आणि फुटपाथवर चढले.

मी ब्रेकवरचा पाय काढला नाही. त्यांच्या मागून अजून एक बाई यायची होती ना.

मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. मी मनात म्हटलं, दिसत नाही का मेल्याला, बाई चालतेय ती? मी त्या बाईंना हात केला. 'जा, जा' असा.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

खांद्याला पिशवी. मान पूर्ण वळलेली. जरा कलती... आणि एक डोळा ताईच्या पाठीवर.

मागचा गाडीवाला बाजूने निघून पुढे गेला, थेट तिच्यातून. तो गेल्यावर पट्ट्या रिकाम्या होत्या. दिवे मात्र लुकलुकत होते.

घरी गेले. ताईने चहा टाकला. मी दारातूनच तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काय गं, भूत बघितल्यासारखी काय बघतेस?" आणि खळखळून हसली. मीही हसले. काय करणार?

ती कप धुवायला आत गेली तेव्हा दादा हळूच म्हणाला, "अजूनही दिसते म्हणे काहींना. बसवाला परवा सांगत होता. पण एक बरं आहे बघ. सगळे हेच सांगतात, ती कडेलाच उभी असते. जागची हलत नाही. तेवढ्यावर मी निभावतोय. तिथून हात धरून ताईला पार केली की झालं."

मी हातातली बशी खाली ठेवली.

मला त्याला सांगता आलं नाही. आजवर सांगता आलेलं नाही. फोन हातात घेते आणि ठेवून देते. त्याची ती एकच समजूत आहे, तीही मी काढून घेऊ? पण गप्प राहावं तर ताईचं काय होईल?

म्हणून इथे लिहितेय. दादा इथल्या गोष्टी वाचतो. वाचून म्हणतो, "सगळी बनवाबनवी." हीही वाचेल.

दादा, ही बनवाबनवी नाही रे. मी थांबले होते, म्हणून मला दिसलं. ती आता कडेला नाही. ती चालायला लागलीय. निम्म्याहून जास्त रस्ता झालाय तिचा.

उद्यापासून दुसऱ्या वाटेने जा, लांब पडली तरी. आणि ते नाहीच जमलं, तर एवढं तरी कर.

पलीकडे पोचलात की ताईचा हात सोडण्याआधी... तिच्या तोंडाकडे एकदा नीट बघ.